व्याह्यांशी रोज अर्धा तास

परदेशी भाषा शिकायची खरी पद्धत एकच, बोलणं. हे मी घरात जाहीर केलं तेव्हा बायको क्लासच्या वहीत शब्द उतरवत होती आणि मेव्हणा मोबाइलच्या अॅपमधल्या सफरचंदावर बोट दाबत होता. पंचवीस वर्षं चष्म्याच्या दुकानात मी लोकांकडून अक्षरं वाचून घेतोय. मला नवी भाषा कितीशी जड जाणार?

लेकीचं लग्न परदेशात ठरलं होतं. चार महिन्यांनी ती सासऱ्यांना घेऊन येणार होती आणि त्यांना त्यांच्या भाषेशिवाय काही येत नव्हतं. "सगळं मीच भाषांतर करत बसले तर जेवू कधी?" ती फोनवर म्हणाली. मला तर एकच वाक्य बोलायचं होतं: आमची पोर तुमच्या हवाली करतोय, तिला जपा. बापाने हे दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं नसतं.

"मग माझ्याबरोबर क्लासला चला," बायको म्हणाली.

"पन्नाशीत बाकावर बसू?"

"अॅप घ्या, भावोजी. माझा चाळीस दिवसांत एकदाही खाडा नाही."

"मग बोलून दाखव."

मेव्हण्याने घसा खाकरून परक्या भाषेत काहीतरी म्हटलं. अर्थ विचारला, तर 'मुलगा सफरचंद खातो.'

मी थेट व्याह्यांनाच गाठलं. रोज संध्याकाळी अर्धा तास व्हिडिओ कॉल. पंधरा मिनिटं त्यांची भाषा, पंधरा मिनिटं मराठी. व्याही बेकरीवाले, अतिशय शांत गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांच्या वाट्याची पंधरा मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघून नुसते हसलो. मला शांतता सोसत नाही. मुद्दा काय, दुसऱ्या दिवसापासून पूर्ण अर्धा तास मीच बोलू लागलो, हातवारे करून, वस्तू दाखवून, मराठीत. ते शब्दकोश उघडून वहीत लिहीत. मला वाटायचं, माझी प्रगती नोंदवतायत.

चार महिन्यांत त्यांचे तीन बोल मला पक्के आले, कारण ते तेवढेच बोलत: 'हो', 'खरंच?' आणि 'मग पुढे?'

ठरल्या दिवशी लेक त्यांना घेऊन आली.

"नमस्कार वहिनी," ते दारातच म्हणाले. "मुद्दा काय, प्रवास छान झाला, पण पाय पार आखडले."

शब्दन् शब्द माझा होता.

मग ते मेव्हण्याकडे वळले. "आले की आठ दिवस हलत नाहीत, ते तुम्हीच ना?" अगदी प्रेमाने विचारलं.

मराठीत 'पुरे' म्हणावं, तर ती कबुलीच झाली असती. त्यांच्या भाषेत 'पुरे' कसं म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. तोंडातून निघालं, "हो, हो."

व्याही खूश झाले. "आणि वहिनी, तुमच्या माहेरची ती काचेची बरणी! फोडली ह्यांनी, नाव घेतलं शेजारच्या मांजराचं. मी किती हसलो."

बायकोने चहाचा ट्रे खाली ठेवला. ते मांजर सहा वर्षं आमच्या दारातून हाकललं जात होतं.

मी घाबरून उरलेले दोन्ही बोल वापरले. "खरंच? मग पुढे?"

मग पुढे त्यांनी बायकोच्या पातळ चहाबद्दल सांगितलं. क्लासला जाऊन बायकोला काय बोलता येणार, हे माझं मतही सांगितलं.

जेवायला बसलो तेव्हा माझी मान खाली होती. तरी मी उठलो आणि मराठीतच म्हणालो, "आमची पोर तुमच्या हवाली करतोय. तिला जपा."

व्याह्यांनी माझा हात धरला. "मुद्दा काय, काळजी सोडा. आपलीच पोर आहे."

त्यांच्या मुलाबद्दल मीच एका संध्याकाळी असं बोललो होतो, 'आपलाच पोर आहे.' मला रडू आवरेना.

तेवढ्यात बायको त्यांच्या भाषेत सलग चार वाक्यं बोलली. ते उत्तरले आणि सगळे हसले. मेव्हणासुद्धा हसला.

"काय म्हणाले?" मी लेकीला विचारलं.

तिने हातातला घास ताटात ठेवला. "आई म्हणतेय, ह्यांची शिकवणी घ्याल का? ते म्हणतायत घेईन, पण आधी ह्यांना गप्प बसायला शिकावं लागेल."

त्या जेवणात तिला भाषांतर करावं लागलं ते फक्त माझ्यासाठी.

शिकवणी सुरू झाली आहे. पहिला महिना नुसतं ऐकायचं, तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. म्हणून तर हे सगळं तुमच्यापाशी बोलत बसलोय.