सेजल कडी लावते

मुलं खेळातूनच शिकतात, हे मंगेशने बिरवाडीत झाडून साऱ्यांना ऐकवलं होतं. सलूनवाल्याला तर दोनदा! कंपनीत तो स्टोअर सांभाळायचा. पण मोबाइलवर वाचून वाचून बालसंगोपनात पार पोचला होता.

"दीड वर्षाच्या पोराची बोटं कशी चालतात, त्यावर पुढचं सगळं असतं!"

लेकीची, सेजलची, बोटं चालावीत म्हणून त्याने एका फळीवर स्विच, चेन, चाक आणि खरीखुरी कडी ठोकली. सेजलने बाकी सगळं सोडून कडीच धरली. ती कडी सरकवायची, "लाग्गी!" म्हणायची, मंगेश टाळ्या वाजवायचा आणि तिला पुन्हा लावता यावी म्हणून स्वतः काढायचा. आठवड्याभरात पोर कडी लावण्यात तरबेज झाली. काढणं हे बाबाचं काम, असा तिचा प्रामाणिक समज झाला.

त्या रविवारी सासूबाई, साळूबाई, मुंबईहून पहिल्यांदाच राहायला येणार होत्या. बायको, अंकिता, आईला आणायला एसटी थांब्यावर निघाली.

"अहो, कुकर लावलाय. शिट्ट्या झाल्या की बंद करा. आणि आंघोळ उरका!"

मंगेशने दोन्ही कामं एकदमच काढली. सेजलला फळीसमोर बसवलं, न्हाणीत शिरून दार लोटलं आणि तोंडाला साबण लावला.

खट्!

"लाग्गी!"

त्या चाळीतल्या दारांना वरच्या बाजूने वाळवी लागल्यापासून घरमालक हैबतीकाकांनी सगळ्या कड्या खाली बसवल्या होत्या. मोठ्यांना वाकावं लागे. सेजलला अगदी हाताशी.

"शोना, कडी काढ."

बाहेर टाळ्या वाजल्या. बाबा वाजवत नाही म्हटल्यावर तिने स्वतःच वाजवल्या. मग पावलं दुडदुडत लांब गेली. पुढच्या दारावर खट्! कुकरने शिट्टी दिली.

"उघड गो!" मंगेश ओरडला. "चुकलं माझं! पाया पडतो तुझ्या!"

शेजारच्या जानकीबाई, म्हणजे हैबतीकाकांच्या बायको, लगबगीने पुढच्या दाराबाहेर आल्या.

"अंकिता! काढ गो त्याला भायेर. नवरा हाय तो! असं कोंडून घालतात काय?"

"काकी, अंकिता नाय! सेजलने कोंडलंय!"

"बायकोचं नाव घ्यायची लाज वाटते, म्हणून पोरीवर ढकलतोस?"

तेवढ्यात करपलेल्या डाळीचा वास आला आणि जानकीबाई नवऱ्याला हाका मारत पळाल्या. मंगेशने न्हाणीच्या दाराला खांदा दिला. वाळवीने नेमकं हेच दार सोडलं होतं.

मग त्याला स्टूल घासल्याचा आवाज आला. स्टूल ओढून वर चढणं हा टप्पा सेजलने अजून गाठला नव्हता. महिनाभर तो त्याचीच वाट बघत होता. स्टूल गॅसकडे सरकत होतं.

मंगेशने दार ढकलणं सोडलं. त्याने दाराच्या फटीला तोंड लावलं.

"सेजल! बाबा कुठाय? भोऽऽ!"

स्टूल थांबलं. पावलं परत आली.

"भो!" सेजल खिदळली.

"भोऽऽ!" घसा बसला, साबण डोळ्यांत गेला, तरी मंगेश थांबला नाही. हैबतीकाकांनी पहारीने पुढचं दार उचकटलं, जानकीबाईंनी गॅस बंद केला, कुणीतरी वाकून कडी काढली, तेव्हाही तो डोळे मिटून भो करतच होता.

डोळे उघडले तर समोर साळूबाई. हातात पिशवी. मागे अंकिता आणि अर्धी बिरवाडी.

"जावईबापू, बरं हाय ना?"

मंगेशने टॉवेल सावरला, तोंडावरचा वाळलेला साबण पुसला आणि बोटांचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. हैबतीकाका पहार ठेवायला घरी गेले.

"अहो, सेजल कुठाय?" अंकिताने विचारलं.

सगळे आजूबाजूला शोधू लागले.

शेजारून खट् असा आवाज आला. पाठोपाठ हैबतीकाकांचा. "कोण हाय रे भायेर? कडी काढा!"

"पोर हुशार हाय," साळूबाई म्हणाल्या. मग जावयाला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "अंकितावर गेली."