दाजी तल्लीन, परीक्षक झोपलेले

मी जीवन. राहणार खारबाव, नोकरी जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात आणि जीव कीर्तनात! आसपास कुठेही सप्ताह बसू द्या, दुसऱ्या रांगेत मी मांडी ठोकून बसलेला दिसणारच. कीर्तनात मला आजवर एकही डुलकी लागलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि तितक्याच छातीठोकपणे मी घरात जाहीर केलं, "मृणालीचा विज्ञान प्रकल्प मी निवडणार!"

झालं होतं असं, की तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेकडून एकच संगणक प्रकल्प जाणार होता. नववीतल्या आमच्या मृणालीचं नाव ठरलं, पण विषय ठरेना. सोमवारपर्यंत विषय दिला नाही, तर तिच्याऐवजी तिच्या वर्गातल्या प्रितेशची आपोआप झाकण उघडणारी कचराकुंडी जाणार! अशा कुंड्या गेल्या वर्षी इतक्या आल्या होत्या, की दाखवायला कचरा पुरला नव्हता म्हणे. तरी पोरगी रडवेली झाली होती.

"पप्पा, तुम्ही नका ना यात पडू," ती म्हणाली.

"अगं, बुवा आख्यान कसं निवडतात? समोरच्या माणसांचं दुखणं ओळखून! आपल्या गावाचं दुखणं काय?"

"रस्त्यातले खड्डे," बायको आतून ओरडली.

"ते संगणकाच्या हाताबाहेरचं आहे! मी सांगतो. कीर्तनात झोपणारी माणसं!"

मला वाटलं, दोघी हसतील. पण मृणालीचे डोळे चमकले. "पप्पा, जमेल हे! कॅमेरा चेहरा बघेल. जागा माणूस दिसला तर हिरवा दिवा. झोपलेला दिसला तर लाल दिवा आणि आवाज!"

आवाज अर्थातच माझा. मी घसा खाकरून मोबाइलमध्ये भरला, "माऊली, जागे व्हा! कीर्तन सुरू आहे!" शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

आता संगणकाला शिकवायचं होतं. त्याला म्हणे भरपूर फोटो दाखवायचे आणि प्रत्येकासोबत सांगायचं, हा जागा, हा झोपलेला. गावात सप्ताह चालूच होता. बुवांची परवानगी घेऊन मृणालीने श्रोत्यांचे ढीगभर फोटो काढले. पण तिची चाचणी परीक्षा आली आणि शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

"फक्त डोळे बघा पप्पा. उघडे म्हणजे जागा, मिटलेले म्हणजे झोपलेला. बाकी डोकं लावू नका."

पहिलाच फोटो दाजींचा निघाला. दाजी म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात जुने श्रोते. मान छातीवर, डोळे गच्च मिटलेले. अशा माणसाला 'झोपलेला' म्हणायचं? माझं बोटच धजेना. उगाच अन्याय नको म्हणून मी त्यांनाच जाऊन विचारलं.

"झोपलो न्हाय रं जीवन! डोलं मिटून आयकत व्हतो."

"आणि घोरत होतात ते?"

"सूर लावत व्हतो!"

पटलं! मी 'जागा' केलं. मग एकाला 'जागा' आणि दुसऱ्याला 'झोपलेला' हा दुजाभाव कशाला? डोळे मिटलेले सगळे तल्लीन, म्हणून जागे! उलट डोळे टक्क उघडे ठेवून मोबाइल चाळणारे, चपला सांभाळणारे, महाप्रसादाच्या पातेल्याकडे टक लावून बसलेले... हे खरे झोपलेले! सगळे फोटो मी असे न्यायाने निकाली काढले.

त्यातले काही फोटो मृणालीने संगणकाला न दाखवता बाजूला ठेवले होते, त्यांवर त्याची परीक्षा घेतली. त्याची उत्तरं माझ्या उत्तरांशी तंतोतंत जुळली. पोरीने फोटो न उघडता नुसते गुण पाहिले आणि आनंदाने मला मिठी मारली. मी म्हटलं, "बघ! गुरू चांगला असला की असं होतं!"

प्रदर्शनाला दाजीही हट्टाने आले आणि आमच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसताक्षणी सूर लावू लागले. हिरवा दिवा!

एवढ्यात परीक्षक सर आणि मॅडम आले. सर चष्मा सावरत, डोळे मोठे करून कॅमेऱ्यात डोकावले. लाल दिवा पेटला आणि माझा आवाज सभागृहात घुमला, "माऊली, जागे व्हा! कीर्तन सुरू आहे!"

सर दचकून मागे सरकले, ते थेट प्रितेशच्या कुंडीवर. तो नुसता बघायला आला होता, पण कुंडी सोबत घेऊन! झाकण उघडलं आणि सर अर्धे आत!

"हा काय प्रकार आहे?"

"माऊली, जागे व्हा!"

गर्दी जमली. जो येऊन बघेल, त्याच्यावर यंत्र ओरडत होतं. सगळं सभागृह झोपलेलं आणि एकटे दाजी जागे!

"आवाज कुणाचा आहे हा?" सर गरजले. मी शेजारच्या ज्वालामुखीच्या प्रतिकृतीमागे वाकलो.

मृणालीचा चेहरा उतरला होता. तिने लॅपटॉपमधले फोटो उघडले, एकेक पाहिला आणि खुदकन हसली. "मॅडम, यंत्र चुकलेलं नाही. त्याला जे शिकवलं, तेच ते बोलतंय. त्याला शिकवणारा भाविक आहे!" आणि कुणाला का 'जागा' ठरवलं असेल, हे तिने फोटो दाखवून सगळ्यांना समजावलं. संगणक गुरूचा कल कसा उचलतो, तेही सांगितलं.

मॅडम खूश झाल्या. "आपली चूक आपणच शोधून दाखवणारी पहिलीच मुलगी बघतेय! पण हा एक फोटो कुणाचा गं? हाही 'जागा'?"

मी ज्वालामुखीमागून मान वर काढली. फोटोत दुसऱ्या रांगेतला एक गृहस्थ दाजींच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड सताड उघडं ठेवून पसरला होता.

"ते माझे पप्पा."

आमचा प्रकल्प जिल्ह्याला निवडला गेला! आता तो फोटो दरवाजाएवढा मोठा करून टेबलामागे लावायचा आहे आणि नमुना म्हणून मी स्वतः खाली बसायचं आहे, अशी मॅडमची सूचना आहे.

बसेन की! पोरीसाठी काय वाटेल ते! पण एक सांगतो, त्या फोटोत मी तल्लीनच झालो होतो. हवं तर दाजींना विचारा. उठल्यावर.