पॅसिफायवाले चुरी सर

मंगळवारी चुरी सर गेले. त्याच दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्यावरून भांडण झालं आणि ते सोडवायला कोणी जिना उतरलं नाही.

एरवी सर उतरत. बोईसरच्या या बिल्डिंगमध्ये आमची दारं समोरासमोर. शिरगावच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण जीव जडला तो एकाच क्रियापदावर. पॅसिफाय. मी पालघरला वाचनालयात काम करते, म्हणून ते मला 'वाचनालय' म्हणत.

"वाचनालय, तुमच्या डिक्शनरीत पॅसिफाय म्हणजे 'शांत करणे' असं दिलंय. चूक! छडी आपटली की वर्गही शांत होतो. पेढे दिले की साहेबही शांत होतो. ते पॅसिफाय नव्हे. समोरच्याचं दुखणं त्याच्याइतकंच नीट आपल्याला सांगता आलं, तर ते पॅसिफाय."

मी चार शब्दकोश पाहिले. हा अर्थ कुठेच नव्हता. सरांना सांगितलं तर म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत येईल."

भांडण दिसलं की त्यांची स्कूटर थांबायचीच. एकदा आम्ही दांडीच्या किनाऱ्यावर मासळी आणायला गेलो होतो. तिथे दोघी जावा बोंबील वाळत घालायच्या जागेवरून हातघाईवर आल्या होत्या. सर हेल्मेटसकट मध्ये शिरले. त्यांचा नियम एकच होता. आपलं गाऱ्हाणं सांगायचं नाही, दुसरीचं सांगायचं.

"हिचं मी कशाला सांगू, मास्तर? हिला तोंड नाय काय?" थोरली म्हणाली.

"हाय तर! पन तुज्या तोंडून ऐकू दे," धाकटी म्हणाली.

मग थोरलीने कमरेवर हात ठेवून धाकटीची नक्कल सुरू केली. "माजे बोंबील सावलीत, हिचे उनात! मी काय वाऱ्यावर पडलीय?" नक्कल इतकी हुबेहूब की धाकटीलाच हसू फुटलं. थोरली मात्र बोलता बोलता थांबली. तिने एकदा वर पाहिलं. "खरंच गो, सावलीच हाय तुज्याकडं."

सरांनी हेल्मेटची काच वर केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात युसेज! शब्द वापरायचा तो असा!" त्या दिवशी आम्हाला दोघींकडूनही बोंबील घ्यावे लागले.

अशा या सरांशी त्यांची स्वतःची मुलगी मात्र धड बोलत नव्हती. मीनल तेव्हा पुण्याला शिकत होती. तिची शेवटची परीक्षा चालू असताना तिची आई दवाखान्यात होती. "आई बरी आहे, तू पेपर दे," असं सर तिला रोज फोनवर सांगत. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी आई गेली. त्या दिवशीही सरांनी तेच सांगितलं.

याला नऊ वर्षं झाली. दर रविवारी सर फोन करत. "काही हवंय का?" ती विचारायची. "नाही गं, सहज." एवढंच बोलणं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी ताक द्यायला गेले, तेव्हा सर रिकाम्या खुर्चीशी बोलत होते. "बाबा, मला पेपर नको होता, आई हवी होती. ती शेवटी काय म्हणाली, तेही मला तुमच्याकडूनच ऐकावं लागलं. तुम्ही माझी समजूत घातली नाहीत, मला फसवलंत."

मला पाहून ते ओशाळले. "मीनलची बाजू पाठ करतोय, वाचनालय. अजून नीट येत नाही."

"तिलाच ऐकवा की, सर."

"ऐकवीन. या रविवारी."

ते त्यांच्याकडून झालं नाही.

मंगळवारी सकाळी मीच मीनलला फोन केला आणि आहे ते सांगितलं. ती येईपर्यंत कोणाला काही करू दिलं नाही. "किती वेळ थांबायचं, ताई?" असं लोक दोनदा विचारून गेले. ती संध्याकाळी पोहोचली, मगच सरांना नेलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला त्या दुपारी ऐकलेलं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मग ती म्हणाली, "त्या दिवशी आईला स्मशानात पोचवून आल्यावर बाबांनी मला फोन केला असेल. घरात दुसरं कोणी नव्हतं. आणि मला विचारलं, जेवलीस का."

मी तिच्याजवळ बसून राहिले.

ती आता पुण्याला परत गेली आहे. घराची किल्ली माझ्याकडे आहे. समोरचं दार बंद असतं.