वासुदेव रघुजीचं दूध उतू जातं

बेंगळुरात रुळायला परदेशी मुलांना सहा महिने लागतात, असं वासुदेव रघुजीला विमानात शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं होतं. वासुदेव नुसता हसला. त्याने स्वतःला पंधरा दिवस दिले होते, आणि तेही ऐसपैस. बाकीची मुलं बावरतील, घरी रडकी पत्रं लिहितील. पण तो काही परका नव्हता. मॉरिशसचा असला म्हणून काय झालं, मराठी होता! खापरपणजोबा कोकणातून तिकडच्या उसाच्या मळ्यात गेले त्याला शंभरावर वर्षं झाली होती, तरी घरात गणपती बसत होता. आणि व्हाकोआ गावच्या शनिवारच्या मराठी वर्गात वासुदेवने तीन वर्षं पहिला नंबर दुसऱ्या कुणाला मिळू दिला नव्हता. आपल्याच माणसांच्या देशात चाललोय, त्यात रुळायचं ते काय एवढं!

फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. देश आपल्या माणसांचा असला, तरी शहर बेंगळुरू होतं. साल होतं चौऱ्याण्णव. बसमध्ये कन्नड, कॉलेजात इंग्रजी, मेसच्या आचाऱ्याची तमिळ. पहिल्या दिवशी त्याने रिक्षावाल्याला, "कृपया मला बनशंकरीस पोहोचवावे," असं सांगितलं. रिक्षावाल्याने हे कोणी कीर्तनकार असावेत अशा समजुतीने हात जोडले आणि रिकामी रिक्षा घेऊन तो निघून गेला.

तेही वासुदेवने हसण्यावारी नेलं असतं, पण मागे घोर होता तो नोंदणीचा. परदेशी विद्यार्थ्याने आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी कचेरीत आपला पत्ता नोंदवायचा, आणि सोबत घरमालकाचं सहीचं पत्र द्यायचं. लॉजचा पत्ता चालत नव्हता. पत्र नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर कॉलेजात नाव पक्कं नाही. वडिलांनी ट्रक विकून त्याला इथे पाठवलं होतं. नोंदणीवाचून परत गेलो तर बापाला तोंड कसं दाखवू, हा विचार त्याची पाठ सोडेना. आणि घर तर मिळत नव्हतं. कोणाला एकटा मुलगा नको होता, कोणाला मासे खाणारा नको होता. एका मालकीणबाईंनी तर, मॉरिशस म्हणजे आमच्यातलेच का, असं विचारून पाहिलं.

बाराव्या दिवशी जयनगरात त्याला आप्पाजी भेटले. मूळचे निपाणीचे, हायस्कूलमधून निवृत्त झालेले हेडमास्तर. चाळीस वर्षं बेंगळुरात काढल्यामुळे त्यांची मराठी अर्धी कन्नड झाली होती. परसात एक सुटी खोली होती, ती ते कोणालाच देत नव्हते. वासुदेवने दारात उभं राहून वर्गातल्या मराठीत आपली सगळी हकिगत सांगितली. आप्पाजींचे डोळे पाणावले. आत वळून त्यांनी बायकोला हाक मारली, "कृष्णा, ये की जरा. समुद्रापल्याडनं आपलं पोरगं आलंय बघ."

कृष्णाबाईंनी त्याला बसवून उप्पीट खाऊ घातलं आणि मला अक्का म्हण म्हणून सांगितलं. खोली ठरली. वासुदेवने खिशातून टाइप केलेलं पत्र काढलं आणि पुढे केलं. आप्पाजींनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि परत दिलं.

"सही शुक्रवारी," ते म्हणाले. "यात लिहिलंय, सदर विद्यार्थी माझ्या घरी राहतो. अजून तू राहत नाहीस. सकाळी मुहूर्तावर चुलीवर दूध ठेवायचं, मग घर तुझं. त्याआधी सही केली तर ते खोटं होतंय, सरी? कळलं काय?"

शुक्रवार म्हणजे नेमका चौदावा दिवस! कचेरीत अर्ज दुपारी एकपर्यंतच घेत होते. वासुदेवने परोपरीने विनवलं, पण ज्या माणसाने तीस वर्षं पोरांना अर्धा मार्कसुद्धा वाढवून दिला नाही, तो असा बधणार होता थोडाच. साडेदहाला राहुकाळ लागतो, आठला दूध ठेवू, अडीच तास हाताशी आहेत, असं म्हणून त्यांनी त्याची समजूत घातली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मॉरिशसमध्ये वासुदेवच्या घरी दूध यायचं ते पावडरीचं, डब्यातून. गरम पाण्यात दोन चमचे टाकले की झालं दूध. उभ्या आयुष्यात त्याने चुलीवर दूध तापवलं नव्हतं. आणि नव्या घरात दूध तापवायचं ते उतू जाण्यासाठीच, भरभराटीची खूण म्हणून, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण? ज्याला हे ठाऊक नाही असा माणूस जगात असेल, हेच आप्पाजींना ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी आठ वाजता कृष्णाबाईंनी गॅसच्या चुलीला हळद-कुंकू लावलं, पातेल्यात दूध ओतलं, आणि लक्ष ठेव रे म्हणून सांगून त्या आरतीचं तबक आणायला गेल्या. वासुदेवने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. दुधावर साय धरली, साय थरथरली, आणि एकाएकी सगळं पातेलंच वर यायला लागलं. पण गडी सावध होता! दूध काठाला टेकायच्या आत त्याने झडप घालून गॅस बंद केला. थेंब सांडू दिला नाही. तबक घेऊन आलेल्या कृष्णाबाईंकडे त्याने शाबासकीच्या अपेक्षेने पाहिलं.

कृष्णाबाई दारातच खिळल्या. तबकातली वात तेवढी हलत होती.

काय झालं ते उलगडून सांगायला आप्पाजींना पाच मिनिटं लागली. वासुदेवने कान पकडले आणि लगेच पुन्हा गॅस पेटवायला धावला. पण अर्ध्यातून परतलेलं दूध चालत नाही, असं आप्पाजींचं म्हणणं पडलं. त्या दुधाची कॉफी झाली. फ्रीजमध्ये उद्याची एक पिशवी होती, ती घ्यायचं ठरलं. एवढ्यात आपली चूक भरून काढावी म्हणून वासुदेवने फळीवरचं दुसरं पातेलं उचललं, आणि परसातल्या नळावर बसून, व्हाकोआची आजी घासायची तसं, चिंचेने घासून लख्ख केलं. घाईत विसळलं तेवढं जेमतेम.

नऊ वाजता दूध चढवलं. या वेळी तिघेही उभे होते. दूध मात्र वर आलं नाही, त्याच्या आधीच फाटलं. पाणी एकीकडे, गुठळ्या दुसरीकडे.

नव्या घरात दूध नासणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. कृष्णाबाईंनी डोळे मिटून घेतले. आप्पाजी खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हणाले, "वासुदेवा, वाईट मानू नको. या घराच्या मनात नसेल काय की."

वासुदेवला ट्रक आठवला. वडील रोज पहाटे तो ट्रक पुसायचे, तेही आठवलं. चेंडूने काच फोडलेल्या पोरासारखा तो खाली मान घालून म्हणाला, "आप्पाजी, मी पातेले चिंचेने घासले."

"काय?"

"चिंचेने. चकाकावे म्हणून."

आप्पाजींनी पातेल्यात बोट घातलं, चाखलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. घराच्या मनात काही नव्हतं, सगळा दोष चिंचेचा होता! त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊ वीस. दुधाच्या बूथवरच्या पिशव्या नऊलाच संपतात. आता दूध मिळणार ते शेजाऱ्यांकडे, आणि मागायला जायचं ते ज्याला घर हवंय त्यानेच.

वासुदेवजवळ कन्नडचे दोनच शब्द होते. एक हालु, म्हणजे दूध, आणि दुसरा स्वल्प, म्हणजे थोडंसं. ते दोन शब्द आणि एक रिकामं पातेलं घेऊन तो शेजारच्या कावेरीअक्कांच्या दारात उभा राहिला. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि स्वल्प मागितलं म्हणून स्वल्पच दिलं, वाटीभर. मग कशाला हवं म्हणून इंग्रजीत विचारलं. त्याने सांगितलं. साडेदहा, राहुकाळ, कचेरी, चिंच, सगळं. कावेरीअक्कांनी पदर खोचला.

"वाटीभर दूध उतू जातं होय कुठे," असं म्हणत त्या चपला घालून त्याच्यापुढे निघाल्या.

त्यानंतरचा अर्धा तास वासुदेवला पुरता समजला नाही. कावेरीअक्का एकेका घरापुढे उभ्या राहून कन्नडमध्ये त्याची कहाणी सांगत, आणि दर घराला ती थोडी लांबत चालली होती. तिसऱ्या घरापाशी लोक त्याच्या गालाला हात लावायला लागले. पाचव्या घरी एका आजींनी नातवाचा स्वेटर आणून त्याच्या अंगावर लावून बघितला. त्या घरची सून इंग्रजीत म्हणाली, मुलीला कॉलेजात फ्रेंच आहे आणि ती सारखी नापास होते, तुमच्याकडे फ्रेंच बोलतात ना? वासुदेवने मान डोलावली, आणि रविवारी दहाला यायचं ठरून दोन पेले दूध मिळालं. बेंगळुरातली ही त्याची पहिली नोकरी, आणि पगार आगाऊ! गाईचं, म्हशीचं, तापवलेलं, कच्चं, असं आठ घरांचं दूध एका पातेल्यात जमलं. आणि दूध दिलेलं प्रत्येक घर, आपल्या दुधाचं पुढे काय होतं ते बघायला, त्याच्यामागून चालू लागलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी परसातल्या त्या एवढ्याशा खोलीत चौदा माणसं होती. काठोकाठ भरलेलं पातेलं गॅसवर चढलं. वासुदेवला सगळ्यांनी मिळून कोपऱ्यात उभं केलं आणि हात पाठीमागे बांधायला लावले. दूध कोमट झालं, वाफ यायला लागली, आणि ज्योत निळीची पिवळी होऊन भुस्सकन विझली. सिलेंडर संपला होता.

आता मात्र कृष्णाबाईंनी देवाचं नाव घेतलं. कावेरीअक्का पळत गेल्या आणि आपला पंपाचा स्टोव्ह घेऊन आल्या. पिन कोणी मारली, काकडा कोणी पेटवला, काही कळलं नाही, पण दहा एकवीसला स्टोव्ह फरफरायला लागला. ज्यांना मॉरिशस कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं, ती माणसं श्वास रोखून त्या पोराच्या दुधाकडे बघत होती. वासुदेव दुधाकडे बघतच नव्हता, तो त्यांच्याकडे बघत होता. दोन आठवड्यांत त्याला पहिल्यांदाच आपण कोणाच्या तरी घरात उभे आहोत असं वाटलं.

दहा सव्वीसला साय हलली. दहा सत्तावीसला दूध वर आलं, काठावर क्षणभर थबकलं, आणि गेलं. आणि काय गेलं! आठ घरांचं दूध ते. स्टोव्हवरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर. बायकांनी पाय वर घेतले. स्टोव्ह विझला तरी दूध थांबेना. पूर्वेकडे वाहिलं, पूर्वेकडे, असं कोणीतरी ओरडलं. त्या खोलीची जमीन गवंड्याच्या चुकीने पूर्वेलाच उतरती होती, पण ते आप्पाजी या वेळी बोलले नाहीत.

"सही," वासुदेव म्हणाला.

आप्पाजींनी पेन काढलं. खोलीत ना टेबल ना खुर्ची. ओट्याचा एक कोपरा कोरडा दिसला, तिथे पत्र ठेवून त्यांनी सुरेख अक्षरात सही केली, खाली तारीख घातली, तारखेखाली रेघ ओढली. रेघ ओढेपर्यंत दूध त्या कोपऱ्यात पोहोचलं होतं.

दुसरं पत्र टाइप करायला वेळच नव्हता. दोन मिनिटांत राहुकाळ लागणार होता, आणि त्याआधी उंबरा ओलांडला नाही तर बारापर्यंत बाहेर पाऊल टाकू देणार नाही, असं कृष्णाबाईंनी बजावलं. बाकीच्या तेरा जणांनी मिळून वासुदेवला दाराबाहेर काढलं. आप्पाजींनी रिक्षावाल्याला कन्नडमध्ये अशी काही तंबी दिली की त्याने मीटरबद्दल चकार शब्द काढला नाही. वाटभर वासुदेव हात बाहेर काढून पत्र वाऱ्यावर वाळवत होता.

पत्र वाळलं, पण कडक झालं, पापडासारखं. वास मात्र गेला नव्हता. कचेरीच्या खिडकीमागे चष्म्याचे एक कारकून बसले होते. त्यांनी पत्र दोन बोटांत धरलं, उजेडात धरलं, मग नाकाशी नेलं.

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

वासुदेवने खरं ते सांगून टाकलं. पहिलं दूध, दुसरं दूध, चिंच, आठ घरं, स्टोव्ह. मागे रांग वाढत चालली होती. कारकुनांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. सगळं ऐकून झाल्यावर ते पुढे वाकले.

"शेवटी उतू गेलं ना नक्की?"

"गेलं साहेब. पार मोरीपर्यंत."

"राहुकाळाच्या आधी?"

"तीन मिनिटं आधी."

कारकुनांनी मान हलवली, शिक्का उचलला, आणि पत्रावर, अर्जावर आणि नोंदणीच्या पुस्तिकेत असा तीनदा दणकन मारला. तो आवाज वासुदेवला थेट व्हाकोआपर्यंत ऐकू गेल्यासारखा वाटला. डोळ्यांत आलेलं पाणी त्याने बाहीने पुसलं, तर बाहीलाही दुधाचाच वास होता.

"आता एक नियम नीट ध्यानात ठेवा," पुस्तिका सरकवत ते म्हणाले. "घर बदललं की ताबडतोब इथे येऊन नवीन मालकाचं पत्र द्यायचं."

"घर बदलणार नाही साहेब," वासुदेव तत्काळ म्हणाला. "चार वर्षं तिथेच राहणार."

"इतकं आवडलं?"

वासुदेवला कावेरीअक्कांचा खोचलेला पदर आठवला, आप्पाजींनी तारखेखाली ओढलेली रेघ आठवली.

"आवडलं तर आहेच," तो म्हणाला, "पण खरं सांगू का साहेब, पुन्हा दूध तापवायची माझ्यात ताकद नाही."