विश्वाचं केंद्र आणि पहिला चहा

विश्वाला केंद्र असतं, आणि ज्याला केंद्र असतं त्याला कार्यालय लागतंच.

आमच्या खगोल खात्याचा नियम जुना आहे: विद्वान विश्वाची जशी मांडणी ठरवतील तशीच टेबलांची मांडणी, आणि जो केंद्रस्थानी, त्याला पहिला चहा. (दुसऱ्या कपात साय येते. तिसऱ्यात नुसती सहानुभूती.)

मूळ मांडणी. पृथ्वी मध्यभागी. पृथ्वी म्हणजे अर्थातच साहेब. आम्ही कारकून फायली घेऊन त्यांच्याभोवती फिरायचो. मोठ्या फेरीत काही जण स्वतःची छोटी फेरीही मारत (बाहेर, पाय मोकळे करायला). शास्त्राला तेही मान्य होतं. सही न झालेला कारकून उलटा फिरे. त्याला आम्ही वक्री म्हणायचो. खातं उत्तम चाललं होतं. काम होत नव्हतं, पण चाललं होतं.

दुरुस्ती पहिली. सूर्य मध्यभागी. खात्यात स्वतःच्या तेजानं जळणारी वस्तू एकच, चहावाल्या मावशींचा स्टोव्ह. तो मधोमध आला. साहेब त्याच्याभोवती फिरू लागले. शिवाय स्वतःभोवतीही, कारण परिपत्रकात तसं होतं.

"भोवळ येईल हो साहेब."

"पृथ्वीला येते का, मावशी?" असं म्हणून साहेब कपाटावर आदळले. (ग्रहण म्हणून नोंद.)

पहिला चहा मावशी प्यायल्या. साहेबांनी ते फार मनाला लावून घेतलं.

दुरुस्ती दुसरी. सूर्यही आकाशगंगेत कडेलाच. स्टोव्ह जिन्याखाली गेला. मधली जागा मोकळी पाहून साहेबांनी खुर्ची हळूच वीतभर सरकवली.

दुरुस्ती तिसरी. केंद्रच नाही. विश्व फुगतंय; कुठूनही पाहा, बाकीचे आपल्यापासून लांब पळताना दिसतात.

साहेबांचा चेहरा पडला. मग उजळला. "लांब पळतात? हे तर मी इथे आल्यापासून बघतोय. म्हणजे केंद्र मीच."

"मग मीही की," मावशी म्हणाल्या.

"आणि आम्ही काय घोडं मारलंय?" आम्ही सगळे.

शेवटी मावशींनी किटली मधोमध ठेवली. "आपण केंद्र नाही असं ज्याला मनापासून वाटतं, त्यानं पहिला चहा घ्यावा."

साहेबांचा हात दोनदा पुढे गेला, दोनदा मागे आला. (वक्री.) किटली अजून भरलेली आहे.

वाचकहो, "मी तर बाबा तसा नाही" असं म्हणत तुमचा हात आत्ता किटलीकडे गेला, तो आम्ही सगळ्यांनी पाहिला. या. मधली खुर्ची तुमचीच.