नकाराची तालीम

बाळांनो, मांडी घालून नीट बसा. एका जंगलात, फार फार पूर्वी, म्हणजे शाळेत नागरिकशास्त्राचा तास सुरू होण्याच्याही आधी, रणगाजी नावाचा वाघ राज्य करीत होता. त्याच्यासमोर एकच शब्द चाले. "होय."

भिवा नावाच्या भेकराने मात्र एकदा घोळ केला. महाराजांनी त्याचे पाडस न्याहारीला मागितले, तेव्हा तो चक्क "नाही" म्हणाला. त्याला गुहेत डांबून दाराशी शिळा लावण्यात आली, आणि त्या धांदलीत पाडस तेवढे वाचले. त्याची बायको तानू रोज शिळेच्या फटीतून गवत आत सारू लागली.

पुढे महाराजांच्या घशात हाड अडकले. परवानगीशिवाय महाराजांच्या तोंडात कोणी हात घालायचा नाही, असा त्यांचाच हुकूम होता. परवानगी द्यायला त्यांना बोलता येईना. शिस्तीचा राजा शिस्तीतच गेला.

त्यांचा कारभारी होता झुबकेराव अस्वल. सगळे हुकूम त्यानेच लिहिलेले. त्यामुळे हुकूमशाही किती वाईट, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तो खडकावर चढला आणि हुंदके देत म्हणाला, "बंधुभगिनींनो, आता लोकशाही! हाताला धरून मी तुम्हाला तिथवर नेतो."

तानू पुढे आली. "साहेब, आमच्या ह्यांना तेवढं सोडा."

"तानूबाई, माझंही काळीज तुटतं हो. पण मी एकट्यानं सोडलं तर ती हुकूमशाहीच झाली की! जनता ठरवील."

"मग विचारा ना जनतेला."

"विचारीन. पण जनतेला अजून 'नाही' म्हणता येत नाही. तोवर तिच्या 'होय'ला काय किंमत? आधी शिकवावं लागेल."

"मग ह्यांनाच बाहेर काढा. अख्ख्या जंगलात त्यांना एकट्यालाच येतं ते. ते शिकवतील."

झुबकेरावाने ही सूचना टिपून घेतली. सूचना टिपून घेणे ही लोकशाहीची पहिली पायरी असते, बाळांनो. दुसरी अजून सापडायची आहे.

दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर रोज सकाळी तालीम सुरू झाली. जो नाही म्हणणार नाही त्याला पाणी नाही.

"सूर्य पश्चिमेला उगवतो का?" झुबकेराव विचारी.

"ना... ही."

पहिल्या दिवशी सशाला घेरी आली. गवा "नाही, महाराज" म्हणाला आणि घाबरून पाण्यात बसला. पण वर्षभरात सगळे असे तयार झाले की प्रश्न संपायच्या आत नकार यायचा. शेजारच्या जंगलातले कोल्हे पाहायला आले आणि थक्क होऊन परत गेले.

मग लोकशाहीचा दिवस उजाडला. बांबूचा मंडप उभा राहिला. तानू पाडसाला घेऊन पहाटेपासून पुढच्या रांगेत बसली होती.

झुबकेरावाने हात जोडले. "जनताजनार्दना, माझं काम झालं. मी पायउतार होऊ का?"

"नाही!"

झुबकेरावाचे डोळे भरून आले. "निवडणूक घेऊ का?"

"नाही!"

ससा गव्याच्या कानाशी लागला. "आपण काय म्हणालो रे?"

"नाही म्हणालो," गवा छाती फुगवून म्हणाला. "आता आपण कुणाच्या बापाला भीत नाही."

"शेवटचा प्रश्न," झुबकेराव म्हणाला. "भिवाला सोडू का?"

"नाही!"

"हो!" तानू ओरडली. "हो, सोडा! अरे, काय बोलताय तुम्ही? तुमच्यातलाच आहे ना तो?"

सगळे तिच्याकडे वळून बघू लागले. वर्षभराच्या तालमीत इतकी मोठी चूक कोणीच केली नव्हती. मला विचाराल तर मला त्या सगळ्यांचा संताप आला. पण गोष्ट सांगणाऱ्याने संतापायचे नसते.

झुबकेराव मात्र आनंदाने उभाच राहिला. "विरोधी मत! बंधुभगिनींनो, आज आपली लोकशाही पूर्ण झाली! विरोधी पक्षाला आपण मानानं स्वतंत्र जागा देऊ."

जंगलात स्वतंत्र जागा एकच होती. शिळा बाजूला झाली, तानू पाडसाला घेऊन आत गेली, शिळा पुन्हा लागली. भिवाने पाडसाला इतक्या दिवसांनी प्रथमच चाटले. बाहेर टाळ्यांचा कडकडाट चालू होता. उद्यापासून फटीतून गवत कोणी सारायचे, हे मात्र कोणाच्याच लक्षात आले नाही.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी सगळ्यांबरोबर बोलावे. एकट्याने बोलले की लोकशाहीला आपल्यासाठी वेगळी सोय करावी लागते, आणि बिचारीला उगाच शिळा ढकलण्याचे कष्ट पडतात.