व्यंकटरावांच्या ग्लायल पेशी

व्यंकटरावांच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या टाक्या ठेवायचं प्राचार्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. बीड बायपासला इमारती उगवल्या, त्यांच्या बोअरनी कॉलेजची बोअर कोरडी केली, आणि त्यात दुष्काळाचं तिसरं वर्ष. प्रयोगशाळा वाचवायला एकच वाट उरली होती, ती म्हणजे तपासणी समितीवर छाप पाडणं.

म्हणून व्यंकटरावांनी जिवंत चेतासंस्था उभी केली. दहा विद्यार्थी ओळीने उभे, ते चेतापेशी. एका टोकाला पिशोरचा कचरू, तो पाय. दुसऱ्या टोकाला प्रांजली, ती मेंदू. कचरूला काटा टोचला की निरोप हातोहात पुढे जायचा आणि प्रांजली ओरडायची, "पाय उचल!" काटा बाभळीचा, खराखुरा. शास्त्रात खोटेपणा व्यंकटरावांना खपत नसे.

चेतापेशींना खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांचा केरकचरा काढणाऱ्या ग्लायल पेशी व्हायला मात्र एकही पोरगं तयार होईना. शेवटी वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या द्वारकाबाईंना आणि त्यांच्या दोघी सोबतिणींना गळ घातली.

"म्हंजी सर, राबायचं आमी अन् नाव त्या चेतापेशीचं?"

"शास्त्रच तसं आहे, बाई."

"मंग शास्त्र बी आमच्या घरावानीच हाय की!"

समिती दोन तास उशिरा आली. चेतापेशी उन्हात ताटकळत होत्या, पण ग्लायल पेशी तांब्या-पेले घेऊन फिरत असल्यामुळे तग धरून होत्या. व्यंकटरावांनी घसा खाकरला, तेवढ्यात फाटकाशी टँकरचा हॉर्न वाजला. तो यायचा चार दिवसांतून एकदा! तिन्ही ग्लायल पेशींनी पेले टाकले नि हंडे उचलले.

"द्वारकाबाई, प्रयोग!"

"परयोग उद्या बी व्हईल, सर. टँकर नाय येत उद्या!"

इकडे कचरूने काट्यावर पाय दिला. निरोप चौथ्या चेतापेशीपर्यंत गेला आणि थांबला, कारण तिला भोवळ आली होती. सहावी सावलीत जाऊन बसली. मेंदू भिंतीला टेकून पेंगत होता.

"सर, उचलू का पाय?" कचरू कळवळला. "लई रुतलाय!"

"निरोप आल्याशिवाय नाही!"

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं व्यंकटरावांना झालं. पण समितीच्या अध्यक्षा भानुमतीबाई टाळ्या वाजवत होत्या. "वा! ग्लायल पेशी नसल्या की काय होतं, हे इतकं स्पष्ट मी कुठंच पाहिलं नव्हतं!"

त्यांनी तिथल्या तिथं शेरा लिहिला. व्यंकटरावांनी तो आनंदाने मोठ्याने वाचायला घेतला: "प्रात्यक्षिक अप्रतिम. सारा डोलारा ग्लायल पेशींवर उभा आहे. त्यांच्या पाण्याची सोय तातडीने करावी. त्यासाठी लागेल ती खोली..." पुढचं प्राचार्यांनी वाचलं.

सोमवारी प्रयोगशाळेत पाच टाक्या आल्या आणि किल्ली द्वारकाबाईंच्या कमरेला गेली. व्यंकटराव सूक्ष्मदर्शक छातीशी धरून दारात उभे राहिले.

"या की सर," द्वारकाबाई म्हणाल्या, "तुमाला बी कोपरा ठिवलाय. फकस्त चपला भाईर काढा."